मेरिदा, युकातान: निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कानकूनला जाणाऱ्या मराठी मंडळींकडून, अमेरिकेतल्याही आणि भारतातल्याही, मेरिदाबद्दल हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शक्य तिथे त्यांचेच शब्द ठेवले आहेत. तेच तेच दोनदा सांगायला नको म्हणून क्रमांक घातले आहेत.

१. मेरिदा स्पेनमध्ये आहे ना? मग तिथे माया कुठून आले?

स्पेनमध्ये एक आहे, व्हेनेझुएलातही एक आहे. आपण बोलतोय ते मेक्सिकोतल्या युकातान राज्याच्या राजधानीबद्दल. तिकीट काढताना विमानतळाची अक्षरं एम-आय-डी आहेत ना, एवढं पाहा. माया लोक इथे आधीपासूनच होते, बाहेरून आले ते स्पॅनिश. ६ जानेवारी १५४२ रोजी धाकट्या फ्रान्सिस्को दे मोन्तेहोने त'हो नावाच्या जुन्या माया नगराच्या जागी हे शहर वसवलं. तिथले दगडी चौथरे पाहून स्पॅनिशांना आपल्या मेरिदातले रोमन अवशेष आठवले आणि तेच नाव दिलं, असं सांगतात.

२. भारतीय पासपोर्ट आहे. मेक्सिकोचा व्हिसा काढावाच लागेल का?

तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन यांपैकी कुठलाही चालू मुदतीचा व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. यातलं काहीच नसेल, तर मेक्सिकोच्या वकिलातीत अर्ज करावा लागतो. किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. कमाल मर्यादा १८० दिवसांची, पण तेवढे मिळतीलच असं नाही. शिक्का बसला की त्यावर लिहिलेले दिवस तिथेच वाचून घ्या.

३. माझा एच-वन-बी चालू आहे, पण पासपोर्टमधल्या अमेरिकन व्हिसाची मुदत संपली आहे. चालेल?

नाही. मेक्सिको पाहतं तो पासपोर्टवरचा चालू व्हिसा. अमेरिकेत कायदेशीर राहण्याचा कागद आणि हा व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपली असेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढूनच निघा. परत अमेरिकेत शिरतानाचे नियम आणखी वेगळे आहेत, त्यासाठी कंपनीच्या वकिलाला विचारा. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं उत्तर इथे धरू नका. आणखी एक: भारतातून येणाऱ्याचं विमान अमेरिकेत नुसतं बदलायचं असलं, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच.

४. कानकूनला उतरून मेरिदाला कसं जायचं?

अंतर सुमारे ३०० किलोमीटर, आदेओ कंपनीच्या बसने साधारण चार तास. बस आरामशीर असते, फक्त आतला एसी कडक असतो, तेव्हा शाल जवळ ठेवा. त्रेन माया ही नवी रेल्वेही डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे, पण तिचं मेरिदाचं स्टेशन तेया इथे, शहराबाहेर आहे. तिथून गावात यायला पुन्हा बस घ्यावी लागते, म्हणून हिशोब करताना तो वेळ धरा. अमेरिकेतून येणाऱ्यांनी ह्यूस्टन किंवा मायामीहून थेट मेरिदाचं विमान पाहावं, म्हणजे कानकूनचा फेरा वाचतो.

५. बस चुकली! कानकून आणि मेरिदाच्या वेळेत फरक आहे?

आहे, एका तासाचा. कानकून ज्या किंताना रो राज्यात आहे तिथलं घड्याळ युकातानच्या एक तास पुढे असतं. कानकूनहून येताना तासाचा फायदा होतो, जाताना फटका बसतो, आणि नेमकं जातानाच परतीचं विमान गाठायचं असतं. सीमेजवळ मोबाइलवर भरवसा ठेवू नका, कारण तो कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा. चिचेन इत्सा, म्हणजे पिरॅमिडसाठी प्रसिद्ध असलेलं जुनं माया नगर, मेरिदाच्या वेळेवर चालतं. भारताशी मेरिदाचा फरक साडेअकरा तासांचा, आणि २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केल्यामुळे तो वर्षभर तेवढाच राहतो.

६. कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि ती चाळिशी नागपूरची कोरडी नव्हे, दमट असते. जून ते ऑक्टोबर दुपारी पाऊस, आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. ऑक्टोबरअखेर जाण्याचं एक वेगळं कारण आहे, ते प्रश्न १६ मध्ये.

७. मेरिदात माया असं काही दिसतं का? फोटोंमध्ये तर सगळं स्पॅनिशच वाटतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

प्लासा ग्रांदे म्हणजे मुख्य चौक. इथेच उभे राहा आणि इमारतींच्या नक्षीकडे नंतर पाहा, आधी दगड पाहा. पूर्वेला सान इल्देफोन्सो कॅथीड्रल आहे. १५६१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १५९८ मध्ये पुरं झालं. अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवरच्या सर्वांत जुन्या कॅथीड्रलांपैकी हे एक. त्याला लागलेला दगड त'होच्या देवळांचा आणि पिरॅमिडांचा. नगर मोडायचं आणि त्याच मालाचं दुसरं उभारायचं, शिवाय मजूरही तेच माया लोक. आतून कॅथीड्रल अगदी साधं आहे, सोन्याचा झगमगाट शोधायला गेलात तर निराश व्हाल. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, १९१५ मध्ये, आतली लूट झाली हेही त्यामागचं एक कारण.

चौकाच्या दक्षिणेला मोन्तेहोचा वाडा, १५४९ च्या सुमाराचा. दाराच्या वर दोन्ही बाजूंना हातात शस्त्रं घेतलेले शिपाई कोरले आहेत, आणि त्यांच्या पायाखाली ओरडणारी मुंडकी आहेत. ती नेमकी कोणाची, यावर अभ्यासक वाद घालतात. चौकात बसलेला साधा माणूस मात्र त्याचा अर्थ केव्हाच लावून मोकळा झालेला असतो. आत छोटं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट.

उत्तरेला राज्य सरकारचा वाडा, पालासिओ दे गोबिएर्नो. इथे न चुकता जा. मेरिदाच्याच फेर्नांदो कास्त्रो पाचेको या चित्रकाराने १९७० च्या दशकात काढलेली मोठमोठी चित्रं जिन्यावर आणि वरच्या दालनात आहेत. १७६१ मध्ये बंड करणारा हासिन्तो कानेक त्यांत आहे. त्याला याच चौकात हाल करून मारलं. बिशप दिएगो दे लांदाही आहे. त्याने १५६२ मध्ये मानी या गावी माया पोथ्या जाळल्या. पुढे त्यानेच मायांच्या चालीरीतींवर आणि लिपीवर लिहून ठेवलं, आणि विसाव्या शतकात युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाला माया लिपी उलगडताना त्या टिपणांचाच उपयोग झाला. जाळणारा आणि जपणारा माणूस एकच, हे पचायला जड जातं. क्नोरोझोव्हचा पुतळा मेरिदात आहे. चित्रं पाहायला पैसे पडत नाहीत.

माझं स्पष्ट मत: या चौकात अर्धा दिवस न घालवता थेट पिरॅमिड पाहायला पळणाऱ्याला मेरिदा कळत नाही. जमिनीवरची माया भिंत आणि कॅथीड्रलमधली माया भिंत एकाच खाणीची आहे.

८. माया लोक तर हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले ना?

नाही हो. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडची बरीच मोठी नगरं ओस पडली, एवढंच खरं. लोक राहिले, शेती राहिली, उत्तरेत नवी नगरं वाढली. स्पॅनिश आल्यावरही हे संपलं नाही: १८४७ मध्ये युकातानात मायांचा मोठा उठाव झाला आणि ती लढाई १९०१ पर्यंत या ना त्या रूपात चालू होती. आज युकातानी माया भाषा बोलणारे सात लाखांहून जास्त आहेत. मेरिदाच्या बाजारात, बसमध्ये ती कानावर पडते. पेच, चान, कानुल, पोत, उक ही आडनावं दुकानांच्या पाट्यांवर दिसतील, ती माया आहेत. तेव्हा टॅक्सीवाल्याला "इथे पूर्वी माया राहायचे ना?" असं विचारू नका. गाडी बहुधा तोच चालवत असतो.

९. पासेओ दे मोन्तेहोवरचे ते महाल कोणाचे? एवढा पैसा आला कुठून?

घायपातातून. अगदी आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचीच ही झाडं. तिथे त्याला एनेकेन म्हणतात, आणि व्यापारात त्याच्या धाग्याला सिसल हे नाव पडलं ते युकातानच्या सिसल बंदरावरून, कारण माल तिथून बाहेर जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत धान्य कापून पेंढ्या बांधणारी यंत्रं आली, त्यांना लागणारी सुतळी याच धाग्याची, आणि मेरिदाच्या मळेवाल्यांच्या घरी पैशाचा पूर आला. त्यांनी पॅरिसच्या शाँझेलिझेसारखा रस्ता हवा म्हणून पासेओ बांधला. त्यावरचा पालासिओ कान्तोन १९११ च्या सुमारास पुरा झाला. आता तिथे मानववंशशास्त्राचं संग्रहालय आहे (सोमवारी बंद).

दुसरी बाजू मळ्यांवर दिसते. माया मजूर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बांधलेले होते: दुकान मालकाचं, उधारी मालकाची, आणि कर्ज बापाकडून पोराकडे. मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या सोनोरा राज्यातून याकी या तिथल्या मूळ लोकांना पकडून इथे आणलं. १९०५ मध्ये सुमारे एक हजार कोरियन लोक करारावर आले आणि अडकले. फेलिपे कारिओ पुएर्तो या गव्हर्नरने मायांच्या बाजूने जमिनीचे प्रश्न हाती घेतले. जानेवारी १९२४ मध्ये त्याला मेरिदाच्या स्मशानात गोळ्या घातल्या. पुढे १९३७ मध्ये मळ्यांचं वाटप झालं, आणि कृत्रिम धाग्याने उरलासुरला धंदा बसवला. काही जुने मळे आता हॉटेलं आहेत, काही पाहायला खुले आहेत. सोतुता दे पेओन इथे पानातून धागा काढण्याचं जुनं यंत्र चालवून दाखवतात. मळ्याच्या हॉटेलात जरूर राहा, पण मजुरांच्या खोल्या कुठे होत्या तेही विचारा.

१०. वेळ एकाच ठिकाणापुरता आहे. चिचेन इत्सा की उश्माल?

चिचेन इत्साचं नाव मोठं, गर्दीही मोठी. मेरिदाच्या पूर्वेला सुमारे १२० किलोमीटर. जायचंच तर सकाळी दार उघडताना तिथे हवं, दहानंतर कानकूनच्या बसगाड्या येऊन ठेपतात. उश्माल दक्षिणेला ८० किलोमीटरच्या आसपास. जादूगाराचा गोलसर कडांचा पिरॅमिड, भिंतीभर पर्जन्यदेव चाकचे लांब नाकाचे मुखवटे, आणि ऐकायला शांतता. शिल्पकाम आवडणाऱ्याने उश्मालच घ्यावं. मुलं हट्टाला पेटली असतील तर चिचेन इत्सा, नाहीतर शाळेत सांगायला काही राहत नाही.

दोन्हीकडे दोन-दोन तिकिटं असतात, एक केंद्राचं आणि एक राज्याचं. पहिल्या खिडकीवर पैसे भरून पुढे दुसरी खिडकी लागली म्हणजे फसवणूक झाली असं समजू नका.

११. रविवारी प्रवेश फुकट असतो असं वाचलं. खरं का?

मेक्सिकन नागरिक आणि तिथल्या रहिवाशांसाठी खरं. तुमच्यासाठी नाही. फुकटात गर्दी मात्र वाट्याला येते, म्हणून रविवार टाळा. रविवारी शहरातच थांबा: सकाळी पासेओ मोटारींना बंद असतो आणि भाड्याच्या सायकलींवर सगळं गाव बाहेर पडतं.

१२. पिरॅमिडवर चढता येतं का?

चिचेन इत्साला नाही, बऱ्याच वर्षांपासून बंद आहे. दोरी ओलांडणाऱ्या परदेशी पाहुण्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यांना खाली उतरल्यावर लोकांनी काय ऐकवलं तेही पाहा. चढायची हौसच असेल तर इसामालला जा, मेरिदापासून सुमारे ७० किलोमीटर. गावातल्या घरांमधूनच किनिच काकमो या मोठ्या पिरॅमिडवर जाणारी वाट आहे. तिथून समोर दिसतो पिवळाधमक फ्रान्सिस्कन मठ, तोही एका पिरॅमिडच्या चौथऱ्यावर उभा. प्रश्न ७ मधली गोष्ट इथे एका नजरेत दिसते.

१३. सेनोते म्हणजे काय? पोहता येत नाही, तरी जावं का?

युकातानच्या उत्तरेला जमिनीवर नदीच नाही. खडक चुन्याचा, पाऊस थेट आत मुरतो आणि खाली पाण्याच्या गुहा होतात. छत कोसळलं की जी विहिरीसारखी जागा उघडी पडते ती सेनोते. ६.६ कोटी वर्षांपूर्वी चिक्शुलुबला आदळलेल्या अशनीच्या विवराच्या कडेने या सेनोतेंची अर्धगोल रांगच आहे. माया लोकांसाठी हे पिण्याचं पाणी होतं आणि देवाचं दारही होतं.

पोहता येत नसेल तरी जा, बहुतेक ठिकाणी लाइफ जॅकेट देतात. ओमून आणि कुसामा या गावांभोवती पुष्कळ आहेत. उतरण्याआधी अंघोळ करायची, सनस्क्रीन, डास पळवायचं मलम, केसांचं तेल काहीही अंगावर नको. हे पाणी खालून सगळीकडे जोडलेलं असतं. काकू मंडळींसाठी: पायऱ्या ओल्या आणि उभ्या असतात, चपलेऐवजी पट्ट्याचे सँडल घाला.

१४. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

मरणार नाही, पण विचारत राहावं लागेल. खरी अडचण मांसाच्या तुकड्याची नसते, ती असते डुकराच्या चरबीची. तिला मान्तेका म्हणतात आणि काळ्या घेवड्याच्या गोळ्यात ती बऱ्याचदा असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सोपा दे लिमा हे लिंबाचं सूप नावाने फसवतं, ते चिकनचंच. तेव्हा "सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका" एवढं पाठ करा: मांस नको, कोंबडी नको, चरबी नको.

खाण्यासारखं बरंच आहे. सिकिल पाक ही भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची चटणी, मक्याच्या टॉर्टियाबरोबर. चाया नावाची पालेभाजी, तिचं अननस किंवा लिंबू घालून सरबतही करतात. अंडं चालत असेल तर पापाद्सुलेस: टॉर्टियात उकडलेलं अंडं, वरून भोपळ्याच्या बियांची हिरवी आमटी. माझ्या मते युकातानातला सर्वांत सुरेख पदार्थ हाच. जैनांसाठी मात्र अवघड आहे, कांदा-लसूण सगळीकडे. अशांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि लुकास दे गाल्वेस बाजारातून भाजी आणावी. पपई, पेरू, सीताफळाचे भाऊबंद सगळे भेटतील. चिकू तर मूळचा याच भागातला, डहाणू-घोलवडकरांनी माहेरी गेल्यासारखं जावं. नळाचं पाणी पिऊ नका.

१५. आणि आम्ही सगळं खातो. काय सोडू नये?

कोचिनिता पिबिल. डुकराचं मांस शेंदरीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस लावून, केळीच्या पानात गुंडाळून, जमिनीतल्या खड्ड्यात भाजतात. रायगडची पोपटी खाल्लेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिची वेळ रविवारची सकाळ. दुपारी शोधायला निघालात तर संपलेली असते. त्याशिवाय पानुचो (आत घेवड्याचं सारण भरलेली तळलेली टॉर्टिया, वर टर्की), काळ्या मिरचीच्या जळक्या वाटणातलं रेयेनो नेग्रो, आणि संध्याकाळी गाडीवरची मार्केसिता: कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एदाम चीज. ऐकायला विचित्र, पण दुसरी मागवाल.

पदार्थ तिखट नसतात, तिखट बाजूला वाटीत येतं. ती वाटी आबानेरो मिरचीची. "आम्ही कोल्हापूरचे" म्हणत चमचाभर घेऊ नका, थेंबापासून सुरुवात करा.

१६. ऑक्टोबरअखेरीस तिथे मृतांचा सण असतो म्हणे. पाहुण्यांनी जावं का?

आनाल पिशान, ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर. पितरांना जेवू घालायचे दिवस, म्हणजे आपल्याला कल्पना अनोळखी नाही. घरोघर वेदी मांडतात, आधी लेकरांसाठी, मग मोठ्यांसाठी. मुक्बिल पोयो ही मक्याच्या पिठाची, आत सारण भरलेली जाड पाई खड्ड्यात भाजतात. शहरात आत्म्यांची मिरवणूक निघते, ती सर्वांसाठी खुली असते, बिनधास्त जा. स्मशानात आणि कोणाच्या घरच्या वेदीसमोर मात्र कॅमेरा काढण्याआधी विचारा. हॉलिवूडछाप कवटीचा मेकअप करून जाण्याची गरज नाही.

१७. पत्ते वाचताच येत नाहीत! "काये ६० गुणिले ५७ आणि ५९" म्हणजे काय?

गुणाकार नाही. ६० नंबरच्या रस्त्यावर, ५७ आणि ५९ च्या मध्ये. सम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण, विषम पूर्व-पश्चिम. सम आकडे पश्चिमेकडे वाढतात, विषम दक्षिणेकडे. मुख्य चौक ६०, ६१, ६२ आणि ६३ यांच्या मध्ये. एवढं कळलं की नकाशा खिशात. घरांचे नंबर मात्र सरळ ओळीत असतीलच असं नाही, टॅक्सीत नेहमी आडवे रस्ते सांगा.

१८. मेनूवर डॉलरचं चिन्ह होतं. एका सरबताला ४५ डॉलर?

पेसोचं चिन्हही तेच असतं. घाबरू नका. डॉलरमध्ये पैसे देऊ नका, दर वाईट लागतो. कार्डाच्या यंत्राने "तुमच्या चलनात घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणा.

१९. रात्री बाहेर पडणं सुरक्षित आहे का? आई-बाबा बरोबर आहेत.

युकातान हे मेक्सिकोतल्या सर्वांत शांत राज्यांपैकी एक गणलं जातं. मेरिदाच्या चौकात रात्री दहालाही आजी-आजोबा खुर्च्यांवर गप्पा मारत असतात. नेहमीची काळजी पुरे. आई-बाबांना खरा धोका उन्हाचा आणि फुटपाथचा: अरुंद, उंच, मध्येच खांब. बारा ते चार खोलीत राहा, सगळं गाव तेच करतं.

संध्याकाळी त्यांना गुरुवारी सान्ता लुसिया चौकात घेऊन जा. १९६५ पासून तिथे दर आठवड्याला गाण्या-नाचाची मैफल असते, रात्री नऊला, फुकट. खुर्च्या साडेआठपर्यंत भरतात.

२०. साइटवर पोचलो आणि दार बंद! असं का झालं?

कधी गावकऱ्यांचं जमिनीवरून किंवा तिकिटाच्या वाट्यावरून आंदोलन असतं, कधी वादळ, कधी नुसता सुट्टीचा वार. शहराच्या उत्तरेचं त्सिबिलचाल्तून अशा वादात बराच काळ बंद होतं. तिथे विषुवदिनी उगवता सूर्य सात बाहुल्यांच्या देवळाच्या दारातून आरपार दिसतो, म्हणून मार्चमध्ये जाणाऱ्यांनी आधी खास चौकशी करावी. माया जगताचं मोठं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या माणसाला फोन लावायला सांगा. त्याला स्पॅनिश येतं, बहुतेक वेळा मायाही येते, आणि तिकडे उचलणारा कोणीतरी त्याच्या गावचाच निघतो.